पदराची गाठ आणि हातातला फोन

(मंडळाच्या वर्धापनदिनी हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण)

मी काही बोलणारी बाई नव्हे. मंडळात आजवर माझे काम म्हणजे सतरंज्या घालणे, चहाचे आधण ठेवणे आणि पानसुपारीचे तबक फिरवणे. त्यामुळे चिटणीसबाईंनी गेल्या महिन्यात, "या वर्षी तुम्ही दहा मिनिटे बोलायचे," असे सांगितले तेव्हा मला वाटले त्या थट्टा करीत आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. गावात शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा दोन कोसांवर, आणि तिकडे मुलीला एकटीला धाडायचे नाही असे घरचे म्हणणे. अशी बाई काय भाषण करणार! पण त्या म्हणाल्या, "तुम्ही फोनवर घरची कामे लावता ना, तेच सांगा." तेव्हा ठरवले, की जे स्वतः केले तेवढेच सांगायचे. चुकले-माकले तर आपण सांभाळून घ्यालच.

घरची कामे लक्षात ठेवणे हे काम तुम्हाआम्हाला नवे नाही. माझी आजी पदराला गाठ मारायची. एक गाठ म्हणजे वाण्याकडून मीठ, दुसरी गाठ म्हणजे जावेला निरोप. कधीकधी संध्याकाळी गाठ हातात धरून ती विचारात पडायची, "ही कशाची ग मारली होती?" आईच्या वेळी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा असत, दुधाच्या रतिबाच्या. आणि आपल्या पिढीला लाभले ते 'कालनिर्णय'. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केले, आणि तेव्हापासून आपल्या भिंतीवरची ती जागा त्याचीच आहे. त्यात तिथी, सण, एकादशी तर असतेच, पण खरे सांगा, आपण त्याचा निम्मा उपयोग कशाला करतो? दुधाचा खाडा मांडायला! गॅसचा सिलिंडर कधी लावला, भांड्याच्या बाई कुठल्या दिवशी आल्या नाहीत, भिशीचा हप्ता, दळण कधी टाकले, सगळे त्या चौकोनांत. म्हणजे कामाची यादी ही काही फोनवाल्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. ती आपल्याकडे होतीच. फक्त ती निम्मी भिंतीवर आणि निम्मी आपल्या डोक्यात असे.

ही डोक्यातली निम्मी यादी फार जड असते, मैत्रिणींनो. पोळ्या लाटताना हात पोळीवर असतो, पण मन मोजत असते. उद्या धाकट्याची फी, परवा सासूबाईंची रक्ततपासणी, साखर संपत आली, इस्त्रीचे कपडे आणायचे राहिले, नणंदेच्या मुलाचा वाढदिवस. घरातल्या कुणी विचारले, "काय करते आहेस?" तर आपण म्हणतो, "काही नाही, पोळ्या." ते मोजणे कुणाला दिसत नाही. मलाही कित्येक वर्षे ते दिसले नव्हते. ते कसे दिसले तेच आज सांगायचे आहे.

माझ्याकडे एक वही होती. लाल पुठ्ठ्याची, जाडजूड. लग्नानंतर काही वर्षांनी घातलेली. वाणसामानाच्या याद्या, उन्हाळी वाळवणाची मापे, पापडाला किती पापडखार, मुलांच्या लसीच्या तारखा, आणि सासूबाईंच्या औषधांच्या चिठ्ठ्या सुद्धा त्यातच घडी करून ठेवलेल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या सांगलीत पूर आला तेव्हा आम्ही गावभागाच्या बाजूला राहत होतो. त्या पुराचे तुम्हाला मी काय सांगावे! आयर्विन पुलापाशी ४५ फुटांना धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ फुटांवर गेले. आम्ही रात्री निघालो. मुले, सासूबाई, दागिन्यांचा डबा, चार कपडे. वही फडताळात राहिली.

मिरजेला नात्यातल्या घरी आम्ही आसरा घेतला. तिसऱ्या दिवशी सासूबाईंना घेरी येऊ लागली. जवळच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत?" मैत्रिणींनो, अकरा वर्षे मी रोज त्या गोळ्या देत होते. पण मला नाव सांगता येईना. मी म्हटले, "एक छोटी पांढरी, ती रिकाम्या पोटी. आणि एक गुलाबी, ती रक्तदाबाची." डॉक्टर भले होते, रागावले नाहीत. पण म्हणाले, "बाई, पांढऱ्या गोळ्या शेकडो असतात." शेवटी रक्तदाब मोजून, ओळखीच्या दुकानदाराला दोन दिवस फोन लावून नाव मिळाले. ते दोन दिवस मी देवापुढे बसून काढले. पाणी ओसरल्यावर घरी आलो, तर वहीचा लगदा झालेला. चिखलातून उचलून मी ती पदराने पुसायला गेले आणि पाने हातात तुटून आली. घरातले पुष्कळ गेले होते, पण मला रडू आले ते त्या वहीसाठी.

एवढे होऊनही मी शहाणी झाले नाही. दुसरी वही घातली, तेवढेच. शहाणपण आले ते पुढच्या फेब्रुवारीत.

२०२० च्या फेब्रुवारीत माझ्या भाच्याचे लग्न होते. मी चार दिवस माहेरी गेले. जाताना सगळे बजावून गेले होते. सकाळी उठल्याबरोबर सासूबाईंना थायरॉइडची गोळी, त्यावर अर्धा तास चहासुद्धा नाही, मग न्याहारीनंतर रक्तदाबाची. मांडवातूनसुद्धा मी रोज फोन करून विचारीत असे, "गोळी दिली का?" आमचे हे म्हणायचे, "दिली." लेकीला विचारले तर तीही म्हणायची, "दिली." मी निश्चिंत. तिसऱ्या दिवशी ह्यांनी दुकानात जायच्या आधी रक्तदाबाची गोळी दिली, आणि लेकीला वाटले बाबा गडबडीत विसरले असतील, म्हणून तिने दहा वाजता परत दिली. सासूबाईंनी विचारले म्हणे, "मघाशी घेतली का ग मी?" पण त्यांनाही नक्की आठवेना. दुपारी मोरीकडे जाताना त्यांना चक्कर आली, त्या पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर.

दोघेही खरे बोलत होते. दोघांनीही गोळी दिली होती. चूक कुणाची म्हणायची? घरात येणारे-जाणारे लेकीला बोलले, ह्यांना बोलले. काही जण मला बोलले, की म्हातारे माणूस घरात असताना ही लग्नाला गेलीच कशाला. मी रात्री पुष्कळ विचार केला, आणि मला वाटले की चूक माझीच, पण लोक म्हणत होते ती नव्हे. अठरा-एकोणीस वर्षे मी सगळे घर माझ्या डोक्यात ठेवले होते, आणि त्याचा मला मनातून अभिमान होता. "माझ्यावाचून ह्यांचे पान हालत नाही," असे मी हळदीकुंकवाला मिरवीत असे. तुमच्यापैकी पुष्कळ जणी मिरवतात, मला ठाऊक आहे! पण ज्या घराचे पान एकीवाचून हालत नाही, त्या घराने तिच्या चार दिवसांच्या गैरहजेरीत काय करावे?

पुढच्याच महिन्यात टाळेबंदी लागली. लेकीचे कॉलेज बंद, ती दिवसभर घरी. आजीच्या मनगटाकडे पाहून तिच्या मनाला लागून राहिले होते. एके दुपारी ती म्हणाली, "आई, तुझा फोन आण." माझा फोन म्हणजे तोपर्यंत फक्त व्हॉट्सअॅपवर सुप्रभात पाठवायचा. तिने त्यात 'गुगल कीप' नावाचे अॅप घातले. फुकट आहे, फक्त जीमेलचे खाते लागते. पिवळे चित्र, त्यात दिवा. उघडले की कोरा कागद येतो. त्यावर यादी लिहायची, प्रत्येक ओळीच्या आधी एक रिकामा चौकोन येतो. काम झाले की चौकोनावर बोट टेकायचे. बरोबरची खूण होते, ओळीवर काट पडते आणि ती खाली जाते. एवढेच. आपल्या वहीत आपण काट मारतो तसेच.

पण मला लिहायची लाज वाटे. ऱ्हस्वदीर्घ माझे कच्चे, आणि त्या एवढ्याशा अक्षरांवर बोट चालेना. तेव्हा लेकीने अक्षरांच्या फळीवरचा माइक दाखवला. भाषेत मराठी निवडायची, माइक दाबायचा आणि बोलायचे. आपण बोलतो ते तो लिहितो! मराठीत बोलून लिहायची ही सोय गुगलने २०१७ साली आणली होती, आणि मला तीन वर्षे तिचा पत्ताच नव्हता. पहिल्या दिवशी मी ऐटीत बोलले, "सासूबाईंची गोळी सकाळी सात वाजता." फोनने लिहिले, "सासूबाईंची होळी सकाळी सात वाजता." सासूबाईंना वाचून दाखवले तर हसता हसता त्यांचे प्लास्टर हालले. तेव्हापासून बोलून झाले की एकदा वाचायचे, हा माझा नेम आहे. तुम्हीही ठेवा.

आता यादी करायची कशी, त्यात मी काय काय चुका केल्या, ते सांगते. म्हणजे तुमचा तेवढा वेळ वाचेल.

पहिल्या दिवशी मी डोक्यातले सगळे ओतले. ३१ कामे झाली. रात्री मोजले तर ९ झालेली. मला रडूच कोसळले. वाटले, आपण दिवसभर करतो काय? लेक म्हणाली, "आई, ही एका दिवसाची यादी नाहीच." मग आम्ही तीन याद्या केल्या. एक 'आज', दुसरी 'या आठवड्यात', तिसरी 'सवडीने'. 'आज'मध्ये नेहमीचा स्वयंपाक-धुणे सोडून पाचच कामे. सहावे आले तर पाचातले एक उद्यावर ढकलायचे. रात्री ओटा पुसून झाला की दहा मिनिटे बसते, उद्याची पाच निवडते आणि मग झोपते. तुम्हाला खोटे वाटेल, पण त्या दिवसापासून माझी रात्री दोन वाजता दचकून जागे व्हायची सवय गेली. पूर्वी जाग यायची ती कशाने? काहीतरी विसरले या भीतीने. आता लिहून ठेवलेले असते, तेव्हा मन त्याची राखण करीत बसत नाही.

दुसरी गोष्ट. काम असे लिहायचे की दुसऱ्या कुणालाही ते करता यावे. मी आधी लिहीत असे, 'बँक'. ते मला कळे. पण धाकट्याने पाहिले तर त्याने काय समजावे? आता मी लिहिते, 'आजीचे पासबुक भरून आणणे, पासबुक कपाटात खालच्या कप्प्यात, निळ्या पिशवीत.' 'दळण' नव्हे, तर 'गहू ५ किलो, मागच्या खोलीतला डबा, जाडसर नको सांगणे.' लिहायला चार शब्द जास्त लागतात, पण मग ते काम आपल्याच गळ्यात राहत नाही. घरातली माणसे मदत करीत नाहीत असे आपण म्हणतो. काही करीत नाहीत हे खरे. पण काहींना आपण कधी नीट सांगितलेलेच नसते. वस्तू कुठे आहे ते आपल्यालाच ठाऊक, आणि विचारायला आले की आपण म्हणतो, "राहू दे, मीच करते."

तिसरी गोष्ट वर्षातून एकदा येणाऱ्या कामांची. रोजची कामे आपण विसरत नाही. निसटतात ती वर्षाची. सासरे शिक्षक होते, त्यांच्यामागे सासूबाईंना निवृत्तिवेतन मिळते. त्यासाठी दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. घरपट्टी आहे, विम्याचा हप्ता आहे. गॅसची रबरी नळी दर ५ वर्षांनी बदलायची असते. तुमच्यापैकी किती जणींनी ती पाहिली आहे? घरी गेल्यावर शेगडीमागे वाकून नळीवरची तारीख वाचा. असली कामे मी फोनच्या कॅलेंडरमध्ये घालते. एकदा तारीख घातली आणि 'दर वर्षी' असे सांगितले की दर वर्षी तो आपणहून आठवण देतो. मी पंधरा दिवस आधीची तारीख घालते. आयत्या दिवशी आठवण आली तर तिचा काय उपयोग!

चौथी गोष्ट, गजर फार लावू नयेत. मला नवी नवलाई होती तेव्हा मी दिवसाला चौदा गजर लावले. दूध तापवायचा गजर, मोटार बंद करायचा गजर, झाडांना पाण्याचा गजर. आठ दिवसांत असे झाले, की गजर वाजला की न पाहताच बंद करायचा. एकदा गोळीचाही तसाच बंद केला. आता तीनच ठेवले आहेत. दोन सासूबाईंच्या गोळ्यांचे आणि एक पाण्याच्या मोटारीचा. घड्याळातल्या गजराला नाव देता येते, तेही देऊन ठेवले आहे, म्हणजे कशासाठी वाजला ते दिसते. नाहीतर पुन्हा आजीच्या गाठीसारखेच व्हायचे!

आता मुख्य गोष्ट. ही यादी एकापेक्षा जास्त फोनांवर ठेवता येते. माझ्या यादीत मी ह्यांना, लेकीला आणि धाकट्याला घेतले. ज्याला घ्यायचे त्याचा जीमेलचा पत्ता घातला की तीच यादी त्याच्या फोनवर दिसते. एकाने खूण केली की सगळ्यांना दिसते. गोळी दिली का, हे विचारावेच लागत नाही. ज्या गोष्टीने सासूबाईंचे मनगट मोडले, तिच्यावर औषध इतके साधे होते.

पण साधे असले तरी सरळ नव्हते. आमचे हे पहिल्या आठवड्यात चिडले. त्यांच्या नावापुढे मी तीन कामे लिहिली होती. म्हणाले, "मी काय तुझ्या हाताखालचा कारकून आहे?" धाकट्याने वेगळीच युक्ती काढली. काम न करताच चौकोनावर टिचकी मारायची! भाजी आणल्याची खूण झाली आणि घरात मिरचीसुद्धा नाही. मी दोन दिवस यादीच बंद केली. मग एका रविवारी चहाच्या वेळी सगळ्यांना बसवले, आठवड्याची यादी मोठ्याने वाचली आणि म्हटले, "मी कुणाचे नाव लिहिणार नाही. ज्याला जे जमेल ते त्याने आपणहून घ्यावे. उरेल ते माझे." यादी लांबलचक होती. वाचता वाचता माझाच घसा सुकला. कुणी काही बोलले नाही. मग ह्यांनी बिले, बँक आणि गॅस घेतले. धाकट्याने दळण आणि इस्त्री घेतली, आणि टिचकीबद्दल कान पकडले. आजही आमच्याकडे रविवारी असेच चालते. कधी ठरल्याप्रमाणे होते, कधी होत नाही. घरोघरी मातीच्या चुली. पण पूर्वी न झालेले काम माझ्या नावावर पडे, आता ते कुणाचे ते दिसते.

सर्वांत मोठा धडा मात्र सासूबाईंनी दिला. एक दिवस त्यांनी माझ्या फोनात पाहिले. लेकीने अक्षर मोठे करून ठेवले होते. ओळी अशा होत्या: साखर २ किलो, आजीची गोळी, रवा, आजीचे पाय चोळणे, साबण. त्या काही बोलल्या नाहीत. रात्री जेवल्या नाहीत. मी फार विचारले तेव्हा म्हणाल्या, "मी काय वाणसामान आहे? साखर आणि साबणाच्या मध्ये मला लिहिलेस."

मैत्रिणींनो, माझ्या हातातला फोन मला निखाऱ्यासारखा वाटला. सोय करता करता मी माणसाला ओळीत बसवले होते. ज्यांनी पन्नास वर्षे हे घर चालवले, त्यांच्या गोळीची खूण आम्ही चौघे करीत होतो, आणि त्यांना कुणी विचारतही नव्हते. दुसऱ्या दिवशी लेकीने एका कागदावर महिन्याचे चौकोन आखले, मोठ्या अक्षरात गोळ्यांची नावे लिहिली, आणि तो कागद फ्रीजला लावून त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली. सासूबाईंना म्हटले, "गोळी घेतली की खूण तुम्हीच करायची. आम्ही फक्त पाहणार." तेव्हापासून आजतागायत खूण त्याच करतात. एखाद्या दिवशी गजर वाजायच्या आधीच पेन्सिल हातात असते. मी रात्री त्यांचा कागद पाहून फोनात खूण करते. लेक आता नोकरीला पुण्यात आहे. ती तिथून पाहते आणि आजीला फोन करून सांगते, "आजी, आज शाबास!" तो फोन आला की त्या अर्धा तास खुशीत असतात. आणि त्यांचे नाव वाणसामानाच्या यादीतून काढून त्यांची वेगळी पाटी केली आहे. तिला नाव त्यांनीच दिले आहे, 'आमचे आम्ही'.

म्हणून मी कागदाला नावे ठेवीत नाही. फोन बंद पडतो, वीज जाते. पुराच्या वेळी दिवसेंदिवस वीज नसते, हे आपल्याला सांगायला नको. औषधांची नावे फोनातही ठेवा आणि एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्येही ठेवा. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो काढून यादीत लावता येतो, तो मी दर वेळी नवी चिठ्ठी आली की बदलते. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी कीपमधली यादी जात नाही. नव्या फोनात तेच जीमेल खाते आणि परवलीचा शब्द घातला की परत येते. मात्र तो शब्द आठवला पाहिजे! आणि एक सांगते, या यादीत बँकेचा पिन कधीही लिहू नका, आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. फोनला कुलूप लावा. यादी घरची असली तरी फोन रस्त्यात पडू शकतो.

जुलै २०२१ मध्ये परत पूर आला. त्या वेळी आमच्या फोनात 'पूर' नावाची यादी तयार होती. आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, तेव्हा काय वर चढवायचे. ४५ म्हणजे धोका, तेव्हा काय घेऊन निघायचे. मी त्या वेळी तापाने पडून होते. उठवत नव्हते. अंथरुणावरून पाहत होते, तर एकेका ओळीवर काट पडत होती. गादीखालची कागदपत्रे, धाकटा. आजीची औषधे आणि चिठ्ठी, लेक. सिलिंडर बंद करून वर, हे. देव, त्याच्या पुढे सासूबाईंनी सांगितलेली खूण. कुणी मला येऊन विचारले नाही, "ते कुठे आहे?" माझ्यावाचून घराचे पान हालले, मैत्रिणींनो. अभिमान गेला खरा, पण इतके सुख मला क्वचित मिळाले असेल. आम्ही दिवसाउजेडी निघालो, आणि मिरजेला पोचल्यावर सासूबाईंनी वेळेवर गोळी घेतली.

आता मंडळापुढे माझी एक विनंती आहे. आपल्यात काही भगिनी एकट्या राहतात. मुले परगावी, परदेशी. काहींना दिसत कमी आहे. मंडळाची हळदीकुंकवाची, पापडाच्या ऑर्डरीची, भिशीची यादी फोनवर करायला मी चिटणीसबाईंना मदत करीनच. पण त्याआधी आपण प्रत्येक वडीलधाऱ्या भगिनीच्या औषधांचा कागद मोठ्या अक्षरात लिहून देऊ. तिची इच्छा असेल तर तिच्या मुलाच्या किंवा शेजारणीच्या फोनात तिची यादी लावून देऊ. खूण मात्र तिच्याच हाताने होऊ द्यायची. जिला फोनवर यादी शिकायची असेल तिने दुपारी तीन वाजता माझ्याकडे यावे. चहा मी करीन. सातवी झालेल्या बाईला आले, ते तुम्हाला न यायला काय झाले?

आजीच्या पदराची गाठ मला अजून आठवते. ती गाठ तिच्या एकटीची होती, म्हणून ती विसरली की सगळेच विसरे. आपली गाठ चार जणांना दिसेल अशी मारू या, एवढेच मला सांगायचे होते. तिकडे चहाचे आधण ठेवायची वेळ झाली आहे. आजच्या माझ्या यादीत ते पाचवे काम आहे, आणि ते अजून राहिले आहे!